व्याधीतून उभा राहिलेला वैद्य : डॉ. रॉबर्ट लॉरेन्स

ज्याचे जळते त्यालाच कळते, ही म्हण आपल्याकडे घरोघर ऐकू येते. पण ज्याला कळते, तो दरवेळी दुसऱ्याचे जळणे विझवायला धावतोच असे नाही. बहुतेकांना स्वतःचे दुःखच इतके पुरते की शेजाऱ्याच्या दुःखाकडे पाहायला सवड उरत नाही. म्हणूनच स्वतःच्या असाध्य रोगालाच ज्याने आपले जीवितकार्य बनविले, त्या माणसाची ओळख आपल्या वार्षिकांकाच्या वाचकांना करून द्यावी असे मला वाटले. हा माणूस म्हणजे लंडनचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट डॅनियल लॉरेन्स. मधुमेहाच्या इतिहासात त्यांचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते.

कला शाखेच्या अंकात डॉक्टरचे चरित्र कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्तच आहे. आपण मुरुडकर लातूरच्या सावलीत वाढलो. दहावीचा निकाल लागला की ज्याला गुण बरे, त्याने लातूर गाठायचे, विज्ञान शाखा घ्यायची आणि डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करायची, ही आपल्या भागातली ठरलेली वाट. जे त्या वाटेला गेले नाहीत ते कला शाखेत आले, असा एक समज लोकांच्या मनात घर करून बसला आहे. मला लॉरेन्स यांच्याविषयी पहिली आपुलकी वाटली ती इथेच. हे जगद्विख्यात डॉक्टर आधी आपल्यासारखेच कला शाखेचे विद्यार्थी होते!

लॉरेन्स यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८९२ रोजी स्कॉटलंडमधील ॲबरडीन या शहरी झाला. वडिलांचा ब्रश तयार करण्याचा कारखाना होता. घरची परिस्थिती चांगली होती. रॉबर्टने ॲबरडीन विद्यापीठात फ्रेंच आणि इंग्रजी हे विषय घेऊन एम. ए. ही पदवी मिळविली. स्कॉटलंडच्या जुन्या विद्यापीठांत कला शाखेच्या पहिल्याच पदवीला एम. ए. म्हणतात, तेव्हा ती आपल्या बी. ए.सारखीच समजावी. पदवीनंतर काय करायचे, हा प्रश्न त्यांनाही पडला असणारच. ग्लासगो शहरात त्यांच्या चुलत्यांची कापडाची पेढी होती. तिथे ते काही महिने बसले. पण कापड मोजण्यात मन रमेना. अखेर ते ॲबरडीनला परतले आणि त्यांनी वैद्यकाच्या अभ्यासक्रमाला नव्याने प्रवेश घेतला.

भाषा शिकलेला हा विद्यार्थी वैद्यकातही चमकला. सुवर्णपदके मिळवीत १९१६ साली ते डॉक्टर झाले. तेव्हा पहिले महायुद्ध पेटलेले होते. लॉरेन्स लष्कराच्या वैद्यकीय दलात दाखल झाले आणि त्यांची नेमणूक झाली ती आपल्या देशाच्या सरहद्दीवर! तिथे त्यांना आमांशाने गाठले, आणि १९१९ साली प्रकृतीच्या कारणावरून लष्करातून मुक्त होऊन ते मायदेशी परतले. आता त्यांना शल्यविशारद व्हायचे होते. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये त्यांना काम मिळाले. पुढे कान, नाक व घसा या विभागात ते सहायक शल्यचिकित्सक झाले. वय अवघे सत्तावीस-अठ्ठावीस. पुढचा रस्ता सरळ दिसत होता.

आणि इथेच नियतीने घाव घातला. कानामागच्या हाडावरील शस्त्रक्रियेचा सराव ते एका शवावर करीत होते. छिन्नीचा घाव बसला, हाडाची एक कपची उडाली आणि नेमकी त्यांच्या डोळ्यात गेली. डोळ्याला जंतुसंसर्ग झाला. ते रुग्ण म्हणून खाटेवर पडले आणि तपासण्या झाल्या, तेव्हा लघवीत साखर सापडली. साल होते १९२०. तरुण डॉक्टरला मधुमेह झाला होता.

आज हे वाचताना आपल्याला त्यातली भीषणता जाणवणार नाही. आपल्या गल्लीत साखरेच्या गोळ्या घेणारी पाच-पंचवीस माणसे सहज निघतील. पण मधुमेह सगळा एक नव्हे. आपल्या सुश्रुतानेदेखील जन्मजात आणि अपथ्यामुळे होणारा असे प्रमेहाचे दोन भेद सांगितले आहेत. आणि लंडनच्याच डॉ. हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ साली प्रयोगांनी दाखवून दिले की काही रोगी इन्सुलिनला चटकन दाद देतात आणि काही देत नाहीत. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिच्यात पेशींची लहान लहान बेटे विखुरलेली असतात. त्या बेटांतून इन्सुलिन रक्तात उतरते आणि रक्तातली साखर शरीराच्या पेशींना वापरता येते. उतारवयात आढळणाऱ्या नेहमीच्या मधुमेहात इन्सुलिन असते, पण ते अपुरे पडते किंवा त्याचे चालत नाही. मुलांना आणि तरुणांना बहुधा जो मधुमेह होतो, त्यात ही बेटेच नष्ट होतात आणि इन्सुलिनचा झराच आटतो. मग रक्तात साखर साचून राहते आणि शरीर मात्र उपाशी मरते. भरल्या कणगीशेजारी माणूस भुकेने मरावा तसाच हा प्रकार!

१९२० साली इन्सुलिन कोणाच्याच हाती नव्हते. उपाय एकच, उपासमार. अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनी रूढ केलेल्या पद्धतीत रोग्याला मोजूनमापून इतके थोडे अन्न देत की त्याने जेमतेम तग धरावा. भाज्या तीन तीन वेळा उकळून, पाणी फेकून, त्यांतला पिष्टाचा अंश काढून टाकीत आणि मग तो चोथा रोग्याच्या पानात येई. मुले काटक्यांसारखी होत. त्याने आयुष्य काही महिने, फार तर दोन-चार वर्षे लांबे. लॉरेन्स स्वतः डॉक्टर होते. आपल्या हाती किती दिवस आहेत, हे त्यांना कोणी वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

शल्यचिकित्सेचे स्वप्न संपले. त्यांनी कडक पथ्य धरले आणि त्याच रुग्णालयाच्या रसायन प्रयोगशाळेत डॉ. हॅरिसन यांच्या हाताखाली काम सुरू केले. तिथल्या संशोधनावर त्यांनी एम. डी.चा प्रबंधही लिहिला. मरणाची तारीख जवळ आलेली असताना हा माणूस प्रबंध लिहीत बसला होता, हे मला फार विलक्षण वाटते. प्रबंध पुरा झाल्यावर मात्र त्यांनी एक निर्णय घेतला. आपले झिजून झिजून मरणे घरच्यांनी डोळ्यांनी पाहू नये, म्हणून ते इटलीतील फ्लॉरेन्स शहरी निघून गेले आणि तिथे त्यांनी दवाखाना उघडला. दुसऱ्यांची दुखणी पाहत आपला शेवट शांतपणे व्हावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

याच काळात अटलांटिकच्या पलीकडे एक नवल घडत होते. कॅनडातील टोरांटो विद्यापीठात १९२१ च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग हा तरुण शल्यचिकित्सक आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी, प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर प्रयोग करीत होते. स्वादुपिंडाच्या अर्काने मधुमेही कुत्र्याची साखर उतरते, हे त्यांना दिसले. जेम्स कॉलिप या रसायनतज्ज्ञाने तो अर्क शुद्ध केला. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला तो टोचला गेला आणि मरणाच्या दारातला तो मुलगा परत फिरला. या शोधाचा हक्क संशोधकांनी टोरांटो विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरला दिला, आणि विद्यापीठाने ब्रिटनपुरते अधिकार तिथल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या हवाली केले. १९२३ साली बँटिंग व मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बँटिंग यांनी आपला वाटा बेस्टबरोबर आणि मॅक्लिऑड यांनी कॉलिपबरोबर वाटून घेतला.

तिकडे फ्लॉरेन्समध्ये १९२२-२३ च्या हिवाळ्यात लॉरेन्स यांना श्वासनलिकादाह झाला आणि मधुमेहाने उचल खाल्ली. शरीर खंगले. मज्जातंतू दुखावल्याने पायांतली शक्ती गेली. आता शेवट आला असे दिसू लागले. अशा वेळी लंडनहून डॉ. हॅरिसन यांची तार आली. इन्सुलिन हाती आले आहे, ते गुणकारी आहे, ताबडतोब निघून यावे, असा तिचा आशय होता. पाय नीट चालत नसताना लॉरेन्स मोटार हाकीत युरोप खंड ओलांडून निघाले आणि २८ मे १९२३ रोजी किंग्ज कॉलेज हॉस्पिटलच्या दारात पोहोचले. तपासण्या झाल्या आणि ३१ मे रोजी त्यांना इन्सुलिनची पहिली सुई टोचण्यात आली. हिशेब केला तर पुढची ४५ वर्षे ते याच सुईच्या आधारावर जगले!

दोन महिने ते रुग्णालयात होते. पण नुसते पडून राहिले नाहीत. इन्सुलिन किती घ्यावे, केव्हा घ्यावे, अन्नाशी त्याचा मेळ कसा घालावा, साखर एकाएकी उतरली तर काय करावे, हे सारे ते स्वतःच्या देहावर शिकत होते. त्या वेळी काचेची पिचकारी असे आणि पोलादी सुई उकळून पुन्हा पुन्हा वापरावी लागे. इन्सुलिनचा परिणाम काही तासच टिके. मात्रा कमी झाली तर साखर चढे, जास्त झाली तर घाम फुटून, हातपाय थरथरून माणूस बेशुद्ध पडे. या दोन कड्यांमधल्या पायवाटेवर रोज चालायचे होते. लॉरेन्स चालायला शिकले. आणि बरे वाटताच कान-नाक-घशाच्या जुन्या वाटेकडे ते वळले नाहीत. किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्येच रासायनिक विकृतितज्ज्ञ म्हणून त्यांनी जागा घेतली आणि उरलेले सारे आयुष्य मधुमेहींना वाहिले.

माझ्या मते लॉरेन्स मधुमेहतज्ज्ञ झाले ते या क्षणी. त्या काळी या विषयाची वेगळी पदवी नव्हती, वेगळा विभाग नव्हता. हॉर्मोन हा शब्दच मुळी १९०५ साली लंडनच्या स्टार्लिंग या शरीरशास्त्रज्ञाने रूढ केला होता. अमेरिकेत बोस्टनचे डॉ. इलियट जोस्लिन इन्सुलिनच्या आधीपासून केवळ मधुमेहींवर उपचार करीत होते; पण अशी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आज आपल्या देशात ही वाट आखलेली आहे. बारावीनंतर प्रवेशपरीक्षा, आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचे एम. बी. बी. एस., मग तीन वर्षे एम. डी., आणि त्यानंतर अंतःस्रावी ग्रंथींच्या शास्त्रातले तीन वर्षांचे डी. एम. म्हणजे बारावी झालेल्या मुलाने सुमारे बारा वर्षे तप करायचे! मधुमेहाखेरीज गळ्यातली थायरॉइड ग्रंथी, मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी, मुलांची खुंटलेली वाढ, हे सारे त्याच्या कक्षेत येते. लॉरेन्स यांच्यापुढे असा आखलेला रस्ता नव्हता. त्यांना शिकविणारा रोगच होता.

त्यांच्यातला कला शाखेचा विद्यार्थी इथे कामाला आला, असे मला वाटते. त्यांच्या ध्यानात आले की हा रोग डॉक्टरने एकट्याने सांभाळण्यासारखा नाही. डॉक्टर महिन्यातून एकदा भेटतो. रोगी चोवीस तास रोगाबरोबर राहतो. तेव्हा रोग्यालाच अर्धा डॉक्टर केले पाहिजे. त्यासाठी त्यांनी लेखणी उचलली. १९२५ साली त्यांचे ‘द डायबेटिक लाइफ’ हे पुस्तक निघाले. सोप्या भाषेत, डॉक्टर आणि रोगी दोघांनाही समजेल असे ते होते. त्याच्या १४ आवृत्त्या निघाल्या आणि अनेक भाषांत त्याची भाषांतरे झाली. पुढे खास रोग्यांसाठी त्यांनी मधुमेहाची बाराखडी म्हणावी असे आणखी एक छोटे पुस्तक लिहिले. आहाराची त्यांची युक्तीही अशीच साधी होती. पिष्टमय पदार्थांची काळी यादी आणि प्रथिने व स्निग्ध पदार्थांची लाल यादी त्यांनी केली. काळ्या यादीतला प्रत्येक वाटा १० ग्रॅम कर्बोदकांचा. डॉक्टरने किती वाटे खायचे ते सांगावे, पदार्थ मात्र रोग्याने आपल्या आवडीने निवडावा. म्हणजे पथ्यही सांभाळले गेले आणि माणसाची जेवणातली गोडीही राहिली. उपासमार भोगलेल्या माणसालाच हे सुचू शकते!

त्यांच्या विभागाची कीर्ती वाढत गेली. १९३१ साली ते मधुमेह विभागाचे सहायक प्रमुख व १९३९ साली पूर्ण प्रमुख झाले. मधुमेहातील बेशुद्धी, मधुमेह आणि क्षयरोग, मधुमेही स्त्रीचे बाळंतपण अशा विषयांवर त्यांनी शंभराहून अधिक शोधनिबंध लिहिले. १९२८ साली त्यांनी विवाह केला आणि त्यांना तीन मुलगे झाले. ज्याला चार वर्षेही मिळणार नव्हती, त्या माणसाने संसार थाटला, हेही त्यांच्या रुग्णांना धीर देणारे उदाहरण होते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलेले एक नाव या कथेत पुढे येते. विज्ञानकथांचे थोर लेखक एच. जी. वेल्स यांनाही मधुमेह होता आणि ते लॉरेन्स यांचे रुग्ण होते. विभागाला पैशाची निकड पडली तेव्हा वेल्स यांनी १९३३ साली वृत्तपत्रातून जाहीर आवाहन केले. त्यातून पुढची कल्पना निघाली. १९३४ साली वेल्स यांच्या लंडनमधील घरी काही डॉक्टर आणि काही मधुमेही एकत्र जमले आणि डायबेटिक असोसिएशन स्थापन झाली. गरिबाला उपचार मिळावा, मधुमेही म्हणून कोणाची नोकरी जाऊ नये, मुलांना इतर मुलांसारखे वाढता यावे, संशोधनाला बळ मिळावे, हे तिचे काम. डॉक्टर आणि रोगी एकाच सतरंजीवर बसून चालवितात अशी संस्था तेव्हा नवलाचीच होती. लॉरेन्स १९६१ पर्यंत तिच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष होते. तीच संस्था आज डायबेटीस यूके या नावाने काम करीत आहे. १९५० साली निरनिराळ्या देशांतील अशा संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ उभा राहिला, त्याचे पहिले अध्यक्षपदही लॉरेन्स यांच्याकडेच आले. आपल्याकडे मुंबईत १९५५ साली डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया निघाली, आणि या महासंघाचे अधिवेशन १९७६ साली नवी दिल्लीत भरले. बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो, त्यामागेही हाच महासंघ आहे.

आता थोडे माझ्या घरचे सांगतो, कारण त्यावाचून हे चरित्र मी का वाचले ते कळणार नाही. माझा मावसभाऊ अकरा वर्षांचा असताना एकाएकी सुकत गेला. सारखी तहान, सारखी लघवी. साखर ही म्हाताऱ्यांचीच व्याधी, असे समजणाऱ्या गावात मुलाला साखर झाली हे कोणाला पटेना. तेव्हापासून तो रोज इन्सुलिन घेतो. उन्हाळ्यात वीज गेली की मावशी इन्सुलिनची कुपी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, ओल्या फडक्याने वेढलेल्या मातीच्या मडक्यात ठेवते. एकदा कोणा ओळखीच्याने कडू रसाचा उपाय सांगून सुया बंद करण्याचा आग्रह धरला. मावशीने ऐकले नाही, म्हणून पोरगा आज धडधाकट आहे. कारण या जातीच्या मधुमेहात इन्सुलिन सोडणे म्हणजे पुन्हा १९२० सालात जाणे होय. पण घरात एक शब्द मात्र कोणी बाहेर काढीत नाही. पाहुण्यारावळ्यांत त्याचा आजार लपविला जातो. आणि त्याला डॉक्टर व्हायचे आहे म्हटले की थोरली माणसे हसतात. जो स्वतःच रोगी, तो दुसऱ्याला काय बरे करणार, असे म्हणतात.

लॉरेन्स यांचे चरित्र म्हणजे या हसण्याला दिलेले उत्तर आहे, असे मी समजतो. मी ते मावशीच्या घरी बसून सगळ्यांना सांगितले. मावशी ऐकून घेऊन चुलीकडे वळली. काकांनी एवढेच विचारले, की त्या डॉक्टरला मुले झाली का? तीन झाली, असे मी सांगितले. काका बराच वेळ गप्प होते. भावाने मात्र त्यांचे नाव आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. प्रवेशपरीक्षेचे काय होईल ते पुढचे पुढे. ती लाखो मुले देतात आणि जागा थोड्या असतात. पण ती देण्याचा अधिकार त्याला आजारामुळे नाकारला जाऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

डॉ. लॉरेन्स १९६८ च्या ऑगस्ट महिन्यात लंडन येथे निवर्तले. तेव्हा ते पंचाहत्तर वर्षांचे होते. इन्सुलिनचा शोध त्यांनी लावला नाही. नोबेल पारितोषिक त्यांच्या वाट्याला आले नाही. शोध लावणारे वेगळे आणि तो शोध माणसांच्या रोजच्या जगण्यात उतरविणारे वेगळे. औषध बाटलीत असते, पण ते कसे घ्यावे, त्याच्यासह कसे हसावे, खावे, नोकरी करावी, संसार करावा, हे कोणीतरी शिकवावे लागते. ते काम या भाषेच्या पदवीधराने केले. आमच्या भागात ऊस आहे, गुऱ्हाळे आहेत, साखर कारखाने आहेत, आणि आता घरोघर साखरेचा आजारही आहे. मित्रहो, आपल्यापैकी फारच थोडे डॉक्टर होतील. पण रोग्याला त्याच्या बोलीत त्याचा रोग समजावून सांगणारे, आजार लपविण्याची लाज घालविणारे, चार मधुमेहींना एका ओसरीवर जमविणारे कार्यकर्ते तर आपल्याला होता येईल. त्यासाठी प्रवेशपरीक्षा नाही.